चाळीस मिनिटांचा फोन

"तुमच्याकडून एक बॅग जास्त आलीये."

पलीकडच्या विमानतळावर त्या दिवशीच रुजू झालेला कर्मचारी फोनवर होता. पहिल्याच दिवशी मला मोजायला शिकवत होता.

"नीट मोजा," मी म्हटलं.

"तीनदा मोजल्या. निळी पिशवी आहे... आत जेवणाचा डबा."

मी खुर्चीखाली पाहिलं. घाईगडबडीत मी माझ्याच डब्याला टॅग लावून तो विमानात चढवला होता.

"डबा उद्या पाठवतो," तो म्हणाला. "जेवण टिकलं नसतं, म्हणून मीच जेवलो. मीठ जरा कमी होतं हं."

आगाऊ कुठला. पण दिवसभर मी उपाशीपोटी हसत होते.

दोन्हीकडे एकेकच काउंटर, दिवसाला एकच विमान. ते तिकडे जायचं, पंचवीस मिनिटं थांबायचं आणि परत यायचं. हवेतून चाळीस मिनिटं; रस्त्याने घाट चढत-उतरत नऊ तास. विमान उडालं की प्रवासी किती, बॅगा किती, हे मी त्याला फोनवर कळवायचे. काम दोन मिनिटांचं... पण फोन ठेवायचं दोघांनाही सुचायचं नाही. त्याच्या बहिणीची परीक्षा, माझ्या बाबांचं पथ्य, सगळं बोलून व्हायचं. मग तो म्हणायचा, "आलं बघ, दिसलं," आणि पळायचा. समोरून वारा असला की विमानाला सहा-सात मिनिटं जास्त लागायची. प्रवासी कुरकुरायचे. मला मात्र तो वारा फार आवडायला लागला होता.

दीड वर्ष असं गेलं आणि पत्र आलं – महिनाअखेरीस ही फेरी बंद.

"आता तुला फोन करायला निमित्तच उरणार नाही," मी म्हटलं.

"हं..." तो म्हणाला. "एक विचारू?"

"विचार की."

"...आज बॅगा किती?"

मी कपाळावर हात मारला. एवढा बोलघेवडा माणूस, आणि नेमक्या वेळी मिठाची गुळणी धरून बसला. घरी आईला सांगितलं, तर ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "तो नाही बोलत तर तू बोल. तुला कुणी अडवलंय?"

शेवटच्या दिवशी मी रजा टाकली, मॅनेजरबाईंना काउंटरवर बसवलं आणि तिकीट काढलं. त्याला काही कळवू नका, अशी त्यांना गळ घातली.

विमान उडाल्यावर कुठे माझ्या लक्षात आलं. मी आवाजावर प्रेम केलं होतं, माणूस पाहिलाच नव्हता. आणि त्याला मी आवडलेच नाही तर?

शिडीच्या पायथ्याशी तो यादी घेऊन उभा होता. उंच, जरा वाकलेला, चेहरा उतरलेला. मी सगळ्यांत शेवटी उतरले.

"जेवलास का?" मी विचारलं.

त्याचं पेन थांबलं. त्याने वर पाहिलं... आणि बघतच राहिला.

"तू... रजेवर ना?"

"आहे की."

त्याने घड्याळ पाहिलं. "पंचवीस मिनिटांत परत उडेल हे. मला किती बोलायचंय तुझ्याशी... एवढ्यात कसं होणार?"

"सावकाश बोल," मी म्हटलं. "परतीचं तिकीट काढलंच नाही मी."

"मला तू आवडतेस," तो एका दमात म्हणाला. "बाकीचं... विमान पाठवून आलो की सांगतो."

मी आत बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने शेवटचं विमान माझ्या गावाकडे उडालं, आणि मी जागची हललेसुद्धा नाही.