बाबारावांचा हात

मे महिन्यातली दुपार. बाहेर नागपूर भट्टीसारखं तापलेलं, आणि कॅथलॅबमध्ये मात्र शाल घ्यावी असा गारठा. डॉक्टर भैरवीच्या त्या दिवशी दोनच केसेस होत्या. पहिली हुडकेश्वरच्या कौसल्याबाईंची. छाती न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळी सारून हृदयात नवी झडप बसवायची. बाई जाग्याच होत्या. झडप झकास बसली आणि भैरवीनं हुश्श केलं.

तिथंच घात झाला. नळी काढताना धमनी फाटली. हिरवी चादर बघता बघता लाल झाली. रक्तदाब नव्वद, सत्तर, पन्नास! भैरवीचे दोन्ही हात नळीतल्या तारेवर अडकलेले, रक्त अडवायचा फुगा अजून मिनल सिस्टरच्या हातात, पाकिटातच. भैरवीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाबाराव, दाबा!"

आणि रक्त थांबलं.

बाबाराव म्हणजे इथले जुने अटेंडंट. गिरणीच्या यंत्रात अर्धी करंगळी गेलेली, पण जखम दाबावी तर त्यांनीच. मॅडमनी 'सोडा' म्हटल्याशिवाय हात उचलायचा नाही, आणि म्हटलं की क्षणभर ठेवायचा नाही, असा माणूस. पण अहो, त्यांची तेरवी होऊन दोन महिने झाले होते! भैरवी स्वतः जेवून आली होती.

विचार करायला वेळ कुठं होता? तिनं दुसऱ्या जांघेतून स्टेंट, म्हणजे आवरण घातलेली जाळीची नळी, नेऊन धमनी आतून सांधली. फाट मिटली, तरी रक्त खाली उतरेना. औषध दिलं, फुगा फुगवला, काही उपयोग नाही. पाय चुन्यासारखा पांढरा पडत चालला. आता हा पाय कापावा लागणार, असं दिसायला लागलं.

"मॅडम…" कौसल्याबाई पुटपुटल्या, "या दादाले म्हणा ना, हात काढ… लय गार हाय."

"कोणता दादा, मावशी?"

"हा काय… तुमच्याकडेच पाहून राहिला."

मिनल भिंतीला टेकली. भैरवीनं बाईंच्या जांघेजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"बाबाराव…" ती कशीबशी म्हणाली, "सोडा."

मॉनिटरच्या पडद्यावर रक्त सरसर पायाकडे उतरताना दिसलं. पायाला ऊब आली.

"गेला," बाई म्हणाल्या, "बाहेर गेला."

बाहेर दुसरे पेशंट, मधुकरराव, पलंगावर पडून होते. "मॅडम, मले तर अजून सुईही नाही लावली. जांघेत हे काहून गार लागून राहिलं?"

भैरवीनं चादर सारली. कातडीवर साडेतीन बोटांचे ठसे होते.

"बाबाराव, सोडा…" ती पुटपुटली.

ठसे आणखी खोल रुतले.