पालथं पडून ऐकलेलं

धनश्रीच्या सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाजेवर पालथी पडले होते. छातीखाली उशी, तोंड भिंतीकडं. अशी ओळख कुणाची होऊ नये, पण आमची झाली. आता दुपारी त्याच बाजेवर एकटी पडले, की ते दिवस सरसर डोळ्यापुढनं जातात.

करोनाचं साल. तालुक्याच्या दवाखान्यात श्वासाची नवी मशिनं आलेली, अन् चालवणारं कुणी नाही. म्हणून माझ्या डॉक्टर लेकीला, धनश्रीला, वॉर्डात जायच्या आधी मोबाईलवर शिकवणी लागली. शिकवणारा पुण्याच्या दवाखान्यातला डॉक्टर, कल्याण. रोग्याला पालथं झोपवलं की श्वास मोकळा होतो म्हणे. सरावाला रोगी मी.

"मावशींची मान हळू वळवा, धनश्री."

"मान माझी हाय, कोंबडीची न्हाई," मी उशीतनं म्हणाले.

तो हसला. ती पण हसली... अन् तिचा हात माझ्या मानेवर तसाच राहिला.

शाळेत कधी हात वर न करणारी माझी पोर आता रोज म्हणायची, "सर, एक शंका आहे." पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, की मोबाईल गालाशी धरायची.

"तुमच्या शंका संपतच नाहीत," तो म्हणायचा.

"संपल्या तर क्लासही संपेल ना..."

मी पालथी होते, बहिरी नव्हते.

मधेच राहुरीचं स्थळ आलं. शेताला मुळा नदीचं पाणी, दारात ट्रॅक्टर. होकार कळवायचा होता. कल्याणच्या घरचे ऊसतोडीला जाणारे. ते त्यानंच सांगितलेलं, मान खाली न घालता. आमचं घर जमीनजुमल्याचं, म्हणून दोघांनी तोंडं शिवलेली.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "उद्यापासून तुम्ही वॉर्डात. मी नसेन."

"हो," एवढंच म्हणाली ती.

मला राग आला. उठून बसले. "धने, राहुरीकरांना काय सांगू? या म्हणू, का नको?"

"नको म्हण, आई."

"का गं?"

मोबाईल चालूच होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. "त्यांना विचार."

"काय डॉक्टर? ठाऊक हाय का?"

"ठाऊक आहे, मावशी. पण तुमच्या दारात यायची हिंमत –"

"तुमच्या आईनं कोयता धरून वाढवलं तुमाला. अन् हिंमत न्हाई म्हणता व्हय?"

तो आला. साथ ओसरली, रस्ते उघडले, तेव्हा. मोटारसायकल लावून अंगणाच्या पार टोकाला उभा.

"एवढ्या लांबनं पोरगी मागत्यात व्हय?" मी म्हणाले.

"अंतर ठेवायचं मीच शिकवलंय, मावशी."

"सगळं शिकवलेलं मी ऐकत नाही, सर," म्हणत धनश्री पायरी उतरली. जाता जाता, मागं न बघता मला म्हणाली, "आई, चहा तूच ठेव."

बघायला पाव्हणा आला की चहा पोरीनंच न्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी चुलीपुढं मी बसले. चहा लई वेळ उकळू दिला, अन् अंगणाकडं पाठच ठेवली.