दोन्ही हातांनी

मढीच्या कानिफनाथांचा अंगारा जमिनीवर सांडला... आणि ओसरीवर सगळ्यांचा श्वासच थांबला!

"अगं वहिनी! देवाचा अंगारा उडवलास व्हय?" भागूबाई किंचाळली. बिचारी अनवाणी मढीला जाऊन आईसाठी अंगारा घेऊन आली होती, आणि तो आईच्या, मालनबाईंच्या, जखमेला चोळणार एवढ्यात तिच्या भावजयीनं, पुष्पावतीनं, तिचा हात झटकला होता!

मालनबाईंचं हृदय चालता चालता थबकायचं, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक छोटंसं यंत्र बसवलं होतं. अख्खं कर्जत त्याला 'काळजाचं घड्याळ' म्हणे! जखमेला काही लावायचं नाही, आणि सहा आठवडे डावा हात वर न्यायचा नाही, नाहीतर आतली तार सरकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुष्पावतीनं जुनं लुगडं फाडून सासूचा हात रोज अंगाशी बांधला... आणि गाव म्हणालं, सुनेनं सासूला बांधून घातलंय!

"माझ्या देवाचा एवढा तिटकारा, पुष्पे?" मालनबाईंनी मोकळ्या हातानं जमिनीवरचा अंगारा टिपला.

उत्तर पुष्पावतीच्या अगदी ओठांवर आलं होतं... दवाखान्यातली, शेजारच्या खाटेवरची रंगुबाई! तिचं यंत्र आधीच बसवलेलं. पण घरच्यांनी मायेनं जखमेत हळद भरली, आत पू झाला, आणि परत दवाखान्यात आणूनही ती वाचली नाही. सासूची जिवाभावाची मैत्रीण झाली होती ती! "रंगुबाई बरी होऊन घरी गेली," असं पुष्पावतीनंच हसत हसत सांगितलं होतं. आता खरं सांगायचं? छे! ते नाजूक काळीज हा घाव कसा सोसणार? तिनं अश्रूंसकट ते उत्तर गिळून टाकलं.

"हिला नेवाशाला माहेरी नेऊन घाल, सहादेवा!" मालनबाई लेकावर कडाडल्या.

नवऱ्यानं मान खाली घालून पिशवी उचलली. उंबऱ्यात पुष्पावती वळली. "आत्याबाई, अंगारा कपाळाला लावा, जखमेला नको. अन् हात बांधलेला ऱ्हाऊ द्या. तुमाला माझी शपथ हाय!"

शपथच ती! रागानं धुमसणाऱ्या मालनबाईंनासुद्धा मोडवली नाही.

सहा आठवड्यांनी जखम पाहून डॉक्टर थक्क झाले. "इतकी स्वच्छ! कुणी सांभाळलं तुम्हाला?"

"ते ऱ्हाऊ द्या," मालनबाई म्हणाल्या, "माझी रंगुबाई कशी हाय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला... आणि सगळं सांगितलं.

मालनबाई कर्जतला गेल्याच नाहीत! एसटी बदलून थेट नेवासा. प्रवरेवरून धुणं घेऊन येणाऱ्या पुष्पावतीला दारात सासू दिसली, आणि पहिल्यांदा दिसली ती तिच्या दंडावरची लुगड्याची पट्टी.

"अगंबाई, सहा आठवडे झाले की! डॉक्टरांनी सोडली न्हाई?"

"सोडली हुती. म्या परत बांधून घेतली." मालनबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "जिनं बांधली, तिनंच सोडावी. एवढं मोठं दुःख एकलीच गिळत बसलीस व्हय गं, पोरी?"

पुष्पावतीनं गाठ सोडली. आखडलेला तो हात हळूहळू, हळूहळू वर आला... खांद्याच्याही वर! मालनबाईंनी दोन्ही तळवे सुनेच्या चेहऱ्यावरून उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली.

दहाच्या दहा!