टेपचं दुसरं टोक

टेपचं दुसरं टोक धरायला मला फक्त एक माणूस हवा होता. बोलका नको, देखणा तर नकोच. पाण्याला न घाबरणारा आणि सांगितल्याशिवाय टेप न सोडणारा असला की पुरे. माझा सहकारी पहिल्याच दिवशी गुहेच्या तोंडाशी घसरला आणि पाय मुरगळून बसला. त्याला परत पाठवल्यावर त्या ओल्या, राखाडी गावात मी एकटीच उरले.

गाव म्हणजे तरी काय... चुनखडीच्या खाणीसाठी वसवलेली चाळीस घरं. दोन वर्षांपूर्वी खाण बंद पडली आणि तिच्याबरोबर पाण्याचा टँकरही. तिथला पाऊस जमिनीवर थांबतच नाही. चुनखडीच्या भेगांतून खाली उतरतो आणि गावाखालच्या गुहेतून वाहणाऱ्या नदीला जाऊन मिळतो. डोक्यावर धुकं, पायाखाली नदी आणि घरात पाण्याचा ठणठणाट. कंटाळून एकेक कुटुंब निघून गेलं. मी गेले तेव्हा नऊ घरांत दिवा लागत होता.

माझं काम होतं गुहेचा नकाशा काढणं. आत नदीचं एक खोल कुंड होतं. ते वर जमिनीवर नेमकं कुठे येतं ते मी दाखवायचं आणि तिथे बोअर मारायचा. एकच बोअर मंजूर होता. तो चुकला की उरलेली नऊ घरंही उठणार होती.

दिवे चार्ज करायला मी खाणीच्या जुन्या बॅटरी-खोलीत गेले, तर तिथे एकजण मांडीवर पंख्याची मोटर घेऊन तिला तार गुंडाळत बसला होता.

“खोली बंद आहे,” तो मान वर न करता म्हणाला.

“दार तर उघडं आहे.”

“ते लागत नाही. फुगलंय.” मग त्याने वर पाहिलं आणि हातातली तार सुटून सगळी गुंडाळी उलगडली. “...काय हवंय?”

“एक माणूस. टेप धरायला.”

“काम काय असतं त्यात?”

“मी सांगेन तिथे मुकाट्याने उभं राहायचं.”

“आई सांगते तिथे उभा राहतोय बत्तीस वर्षं. सराव आहे.”

गाव त्याला वायरमन म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्याची आई मला राहायला पुढची खोली देऊन मोकळी झाली. त्या खोलीत कोपऱ्यात तीन बोचकी बांधून ठेवलेली होती. जायची तयारी. “दोन महिने झाले बांधून,” ती म्हणाली. “बोअरला पाणी लागलं तर सोडीन, नाही तर उचलीन.”

कामाचे नियम मी पहिल्याच दिवशी सांगितले. टेपचं टोक घेऊन त्याने पुढे जायचं, नव्या खुणेवर ते टेकवून “धरलंय” असं ओरडायचं. मी आकडा लिहून “सोडा” म्हणेपर्यंत सोडायचं नाही. पहिल्या खेपेला त्याने आधीच सोडलं आणि ओली टेप सपकन येऊन माझ्या मनगटावर बसली. वळ बघून त्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर त्याने एकदाही आधी सोडलं नाही.

दुसरा नियम होकायंत्राचा. टेप सोडल्यावर तो पुढच्या खुणेवर प्लास्टिकची छोटी टॉर्च ठेवून सामान न्यायला माझ्याकडे परत यायचा आणि मी त्या टॉर्चवर नेम धरून दिशा वाचायची.

“मी वाचत असताना माझ्यापासून दोन हात लांब थांबायचं,” मी बजावलं. “तुमच्या हेल्मेटवर ती खाणीतली बॅटरी आहे ना, तिची डबी लोखंडाची आहे. ती जवळ आली की काटा भरकटतो.”

“फक्त काटाच ना?”

“चला पुढे.”

अकरा दिवस आम्ही त्या काळोखात चालत होतो. कंबरभर पाणी, इतकं गार की थोड्या वेळाने आपले पाय आपलेच आहेत का, अशी शंका यावी. छतातून ठिबकणारं पाणी वहीवर पडायचं. वर आलो तरी उजेड असा नव्हताच, धुकंच होतं. मला खोकला झाला. आणि तरी सकाळी मी त्याच्याआधी तयार होऊन दारात उभी असायचे. हे चांगलं लक्षण नव्हतं, मला कळत होतं.

एकोणिसाव्या खुणेवर माझा दिवा मंदावला. तो परत आला आणि माझ्या डाव्या बाजूला उभा राहून त्याने मान झुकवली. त्याच्या दिव्याचा उजेड होकायंत्रावर पडला. ‘मागे सरा’ म्हणायला हवं होतं. मी आकडा वाचला, लिहिला. उजेड हवाच होता, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझा दिवा पूर्ण चार्ज होता, तरी तो डाव्या बाजूला आला. आणि तरी मी गप्प राहिले.

“शहरात नोकरीचं पत्र आलंय मला,” एकदा दगडावर बसून चहा पिताना तो म्हणाला. “बोअर फसला तर जाईन. तुमच्या ऑफिसपासून दोन स्टॉपवर आहे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“विचारून घेतलं... आपलं सामान्यज्ञान.”

“आणि पाणी लागलं तर?”

तो कपात बघत राहिला. “मग पंप चालवायला माणूस लागेल. गावात वायरमन एकच आहे. बाकी सगळे म्हातारे. आणि आई काही घर सोडायची नाही.”

म्हणजे मी काम चोख केलं की तो इथे. बिघडवलं की दोन स्टॉपवर. त्या दिवशी चहा मला कडू लागला.

एक्केचाळिसावी खूण कुंडाच्या काठावर होती. काळं, न हलणारं पाणी, सहा पावलं रुंद. मी कुडकुडत होते. तो डावीकडे येऊन उभा राहिला. फार जवळ. कुठेतरी थेंब पडत होते... मी तीन दिशा वाचल्या, त्याही गरजेपेक्षा सावकाश.

कुंडापासून एक बाजूची वाट फिरून पुन्हा गुहेच्या तोंडाशी येत होती. म्हणजे कागदावर सगळ्या चौसष्ट खुणा जोडल्या की शेवटची रेघ बरोबर पहिल्या खुणेवर यायला हवी. बाराव्या दिवशी दुपारी मी त्याच्या आईच्या टेबलावर नकाशा मांडला. शेवटची रेघ पहिल्या खुणेपासून अकरा मीटर लांब येऊन थांबली.

मी तीनदा आकडेमोड केली. अकरा मीटर. कुंड सहा पावलांचं. पुन्हा आत जाऊन मोजावं, तर वरच्या डोंगरात पाऊस झाला होता आणि सकाळपासून गुहेच्या तोंडातून गढूळ पाणी उसळत होतं. बोअरचं मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं.

अशा वेळी काय करतात, ते मला ठाऊक होतं. चूक सगळ्या खुणांवर सारखी वाटून टाकतात. रीतसर पद्धत आहे ती, कुणी बोट ठेवलं नसतं. पण ती चूक सगळ्या खुणांवर झालीच नव्हती. ती कुठे कुठे झाली, हे जगात फक्त दोघांना माहीत होतं, आणि सारखी वाटली तर बोअर कुंडाच्या बाजूच्या दगडात जाणार होता. मग तो दोन स्टॉपवर. मी किती वेळ पेन्सिल हातात धरून बसले होते, कुणास ठाऊक. असला विचार मनात आला, याची लाज वाटली. तो विचार गेला नाही, याची जास्त वाटली.

तेवढ्यात त्याची आई आत आली. मशीन उद्या येणार हे तिने ऐकलं होतं. तिने एका बोचक्याची गाठ सोडली, दोन पातेली काढली, पदराने पुसली आणि फळीवर पूर्वीच्या जागी नेऊन ठेवली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

“हेल्मेट घेऊन या,” मी वायरमनला हाक मारून सांगितलं.

होकायंत्र टेबलावर ठेवलं. दिव्यासकट हेल्मेट डोक्यावर घालून त्याला डाव्या बाजूने जवळ यायला लावलं. हातभर अंतरावर काटा जेमतेम हलला. एक वीत उरली तेव्हा चार अंश. चार बोटं उरली तेव्हा नऊ. मी तक्ता केला. मग एकेक खूण वाचायला लागले.

“एकोणीस?”

“एक वीत,” तो म्हणाला.

“तेवीस?”

“लांब होतो. त्या दिवशी तुम्ही चिडला होतात.”

“एकतीस?”

“...वीत. वीतभरच असेन.”

“कमी.”

“बरं. कमी.”

बाहेर धुकं दाराशी येऊन थांबलं होतं. आम्ही दोघं मान खाली घालून आपल्याच जवळिकीचा हिशेब लावत होतो. एरवी हसू आलं असतं. सतरा खुणा निघाल्या. मला एकेक आठवत होती, त्यालाही.

“एक्केचाळीस,” मी म्हणाले.

आत भांड्यांचा आवाज येत होता. मग टेबलाच्या लाकडावर नख ओढत तो म्हणाला, “लांब होतो.”

“किती?”

“हातभर. जास्तच.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे कान लाल होतात, त्याचे झाले होते. त्याला दोन स्टॉप हवे होते. माझ्याइतकेच हवे होते. मी ‘हातभर’ लिहिलं असतं तर आम्ही दोघं कधीच त्यावर बोललो नसतो. मग शहरात भेटलो असतो, फिरलो असतो. आणि त्याच्या आईची पातेली पुन्हा बोचक्यात गेली असती.

“चार बोटं,” मी म्हणाले.

“मोजली होती का?”

“तुझा श्वास लागत होता गालाला.”

तो ‘तू’ कधी झाला, मला कळलं नाही. त्याला कळलं.

“मग ‘मागे सरा’ का नाही म्हणालीस?”

“तू का नाही सरलास? नियम माहीत होता तुला.”

“सरवेना,” तो म्हणाला. “आवडतेस मला. पंख्याची तार सुटली, त्या दिवसापासून.” मग तोच म्हणाला, “लिही. चार बोटं लिही.”

मी लिहिलं. मग सगळ्या सतरा खुणा दुरुस्त केल्या, रेघा पुन्हा ओढल्या. शेवटची रेघ पहिल्या खुणेपासून, जमिनीच्या मापाने, एका वितीवर आली. कागदावर डोळ्यातलं पाणी पडू नये, म्हणून मी मागे सरकून बसले.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याने मी ठोकलेल्या खुंटीवर रॉड टेकवला. दुपारपर्यंत पांढरी भुकटी उडत राहिली. नऊ घरांतली माणसं अंगावर पांघरुणं घेऊन गप्प उभी होती. अडतीस मीटरवर मशीनचा आवाज बदलला आणि रॉड एकदम खाली गेला. मशीनवाला म्हणाला, “पोकळी लागली.” त्याने दोरीला डबा बांधून आत सोडला. वर आला तेव्हा तो भरलेला होता. वायरमनच्या आईने ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, आणि घराकडे वळली. उरलेली दोन बोचकी सोडायला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, जणू तो काही विचारत होता.

तिसऱ्या दिवशी जीप आली. फाईल बंद झाली होती, त्यामुळे ऑफिस मला पुन्हा इकडे पाठवणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो माझं सामान उचलून ठेवत होता. हेल्मेट घरी ठेवून आला होता.

“नोकरीच्या पत्राला ‘नाही’ कळवलं,” तो म्हणाला. “पंप परवा येतोय.”

“छान झालं.”

“हो... छान झालं.”

मी मागच्या बाजूला बसले. टेपची चकरी माझ्या मांडीवर होती. त्याने सहज हात घातल्यासारखं करून तिचं टोक ओढून घेतलं आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

“धरलंय,” तो म्हणाला.

जीप सुटली. माझ्या मांडीवर चकरी फिरायला लागली. पाच मीटर, दहा. धुक्यात तो पुसट होत गेला, फक्त पिवळी टेप दिसत होती, रस्त्यावरून ताणलेली. वीस. आता मी ‘सोडा’ म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. तो सोडणार नव्हता, सांगितल्याशिवाय सोडायचं नाही हे मीच शिकवलं होतं. तीस मीटरला टेप संपते.

तीसला चकरीला हिसका बसला आणि मी माझ्या हातातली चकरी सोडून दिली. ती रस्त्यावर पडली, दोन उड्या मारून थांबली.

“बाई, काही पडलं का?” ड्रायव्हरने विचारलं.

“पडू द्या,” मी म्हणाले.

ऑफिसात सामान जमा करताना कारकुनाने यादीवर बोट ठेवलं. टेप, तीस मीटर, एक नग. कुठे आहे?

“तिकडेच राहिली,” मी सांगितलं. “एकाने धरून ठेवलीय. सुट्टी मिळाली की जाऊन आणते.”

आणि त्याच टेबलावर सुट्टीचा अर्ज लिहायला घेतला.