खिडकीकडची जागा

भुतांच्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात. ही भर दुपारची आहे. आणि खरी आहे.

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. उलट आमच्या घरात हे बोलायचीच सोय नाही. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेली माणसं. अंगारा, उतारा, बाहेरची बाधा... सगळं तेव्हाच उंबऱ्याबाहेर टाकलेलं. त्यात मी बी.ए. झालेली. म्हणून सासरी आजवर हे कुणाजवळ काढलं नाही. इथे लिहिते आहे.

१९६३ चा मे महिना. बुद्धपौर्णिमा नुकतीच झाली होती. अकोल्याहून अमरावतीला जाणारा रस्ता.

आमचा सुगत तेव्हा सव्वा वर्षाचा. गोवरातून कसाबसा उठलेला. रात्ररात्र त्याच्या उशाशी बसून माझ्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोराला उन्हात काढू नका. आता पुन्हा ताप चढला तर त्याला झेपायचा नाही."

आणि नेमकी यांची बदली झाली. हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर. अमरावतीला लगेच रुजू व्हायचं होतं. लग्नसराई, रेल्वेच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही. म्हणून यांनी बाळापूरच्या किसनराव नावाच्या कापूस दलालाकडून एक जुनी गाडी घेतली. घेतली ती एकाच गोष्टीसाठी.

तिला कूलर होता.

पुष्कळांनी तो पाहिला नसेल. मागच्या डाव्या खिडकीला बाहेरून अडकवलेलं पत्र्याचं नळकांडं. आत पाणी आणि वाळा. गाडी पळाली की वारा पुढच्या तोंडातून घुसतो, ओल्या वाळ्यातून जातो आणि गार होऊन जाळीतून आत येतो. वाळा सुकला की दोरी ओढायची, तो पुन्हा भिजतो. बस, एवढंच यंत्र.

पण गाडी गार होईना.

निघायच्या आदल्या दिवशी यांनी नत्थुजी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी नळकांडं उतरवलं, वाळा नवा भरला, पाणी ओतून कुठे ठिबकतं का पाहिलं. ठिबकत नव्हतं. मग सुगतला शेजारच्या आशाबाईंकडे देऊन आम्ही गाडी पळवून पाहायला निघालो. हे चालवायला, मी पुढे, नत्थुजी मागे, अगदी जाळीजवळ.

"कसं काय?" यांनी विचारलं.

"थंडीगार हाय साहेब! बाई, तुमीच हात लावून पाहा न."

मी मागे वळून जाळीला हात लावला. खरंच गार. वाळ्याचा वास.

हात वीतभर मागे घेतला...

झळ.

पुन्हा जाळीला लावला. गार. मागे घेतला. झळ. मधे जणू कुणीतरी... मी पुढचा विचार केला नाही.

"हवा येऊन राहिली, गार येऊन राहिली," नत्थुजी डोकं खाजवत म्हणाले, "मंग जाते कुठी?"

बोलता बोलता ते चटका बसल्यासारखे खिडकीपासून दूर सरकले.

"हे सीट लय तापलं जी."

"उन्हात होती गाडी," हे म्हणाले.

गाडी सकाळपासून लिंबाखाली होती. मी पाहिलं होतं. मी सगळंच पाहत असते. पोर झाल्यापासून जास्तच.

जाताना नत्थुजी म्हणाले, "यंत्रात काई खोट नाही साहेब. पण माह्यं ऐका, पोराले रेल्वेनंच न्या."

"मिस्त्रीले जमलं नाही, म्हून रेल्वे सांगून राहिला," हे हसले.

मी हसले नाही. 

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. सामान बांधता बांधता उशीर, त्यात एक चाक बसलेलं निघालं. निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. मूर्तिजापूर मागे पडलं आणि रस्त्यावर चिटपाखरू राहिलं नाही. दोन्हीकडे नुसती भेगाळलेली काळी रानं.

मी मागच्या सीटवर मधोमध. मांडीवर सुगत. डावीकडची, खिडकीकडची जागा मी मोकळी सोडली होती. सीट तापतं म्हणून.

गाडीनं वेग घेतला आणि आवाज आला...

आऽऽऽ...

टेबलफॅनपुढे तोंड धरून पोरं करतात ना, तसा. बारीक. थरथरता.

"अहो, ऐकलं का?"

"वारा शिरला असंन नळकांड्यात."

"थांबवा बरं गाडी."

गाडी थांबली. आवाज थांबला. गाडी सुटली, वेगात आली, आणि पुन्हा...

आऽऽऽ...

मधे थांबायचा. मग पुन्हा सुरू. श्वास घ्यायला थांबावं तसा.

वारा श्वास घ्यायला थांबत नाही.

सुगत किरकिरत होता. त्याचे ओठ सुकले होते. मी दोरी ओढली, जाळीला हात लावला. गार. पदर भिजवून त्याच्या अंगावर ठेवला. बघता बघता वाळून कडक झाला.

मग त्याची किरकिर थांबली.

लेकुरवाळ्या बायकांना हे समजवायला नको. रडणारं पोर परवडतं. हा गप्प झाला. अंग नुसतं भट्टी, पण घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धे मिटलेले. चमच्यानं घातलेलं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

"अहो, याचं लक्षण ठीक नाही!"

यांनी गाडी एका बाभळीखाली घेतली. उतरून नळकांडं उघडलं. पाणी होतं. वाळा ओला होता. तोंडात कचरा नव्हता. माझे मोजून-मापून बोलणारे यजमान उन्हात उभे राहून त्या पत्र्यावर बुक्की मारत होते.

"सगळं बरोबर हाय! मंग गार काहून नाही होत?"

थांबून चालणार नव्हतं. थांबलं की वाराच नाही. बडनेरा अजून लांब.

"चला," मी म्हटलं. "जेवढी पळते तेवढी पळवा."

गाडी पळाली.

आऽऽऽ...

मी सुगतला उचलून जाळीपाशी धरायला गेले. मधे काहीच नव्हतं. पण भट्टीचं दार उघडावं तशी धग आली आणि मी त्याला झटकन छातीशी ओढलं. डाव्या हाताचा तळवा मोकळ्या सीटवर टेकला...

सगळं सीट तापलेलं नव्हतं.

जाळीसमोर दोनच जागा. लहान, गोल, शेजारी शेजारी. पोरगं सीटवर गुडघे टेकून खिडकीला तोंड लावतं तशा.

आणि ती उन्हाची ऊब नव्हती. किती रात्री माझ्या तळव्याखाली दुसरं काही नव्हतंच. मी ओळखली.

तापाची होती.

मी किंचाळायला हवं होतं. पण मी फार थकले होते हो. इतकी, की भ्यायलाही अंगात जोर नव्हता. माझ्या पाठची चार भावंडं माझ्याच कडेवर वाढली. बैलगाडी असो की एस.टी., कडेच्या जागेसाठी भांडणारी. तेव्हा जे तोंडातून निघायचं, तेच निघालं.

"सरक न बाप्पा जरासा. सारी हवा तूच खाशील का? यालेबी लागू दे. लहान हाय तो."

हे दचकून मागे वळले. "कोणाले बोलून राहिली?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

कारण गाडी धावत होती, आणि आवाज थांबला होता.

सीटचं रेक्झीन करकरलं...

आणि वारा आला.

गार. ओल्या वाळ्याचा. सरळ आमच्या तोंडावर. सुगतच्या कपाळावरचे केस हलले. थोड्या वेळानं त्यानं चमचाभर पाणी गिळलं. मग आणखी एक. बडनेऱ्याच्या अलीकडे तो रडला, इतक्या मोठ्यानं की यांना गाडी हळू करून डोळे पुसावे लागले.

"पाहा, झाला न चालू! वाळा चांगला भिजला नसंन आधी," हे म्हणाले.

मी हूं म्हटलं. मी हलत नव्हते.

माझ्या डाव्या मांडीला काहीतरी टेकलं होतं. वजन नव्हतं. नुसती धग. ताप आलेलं पोर आईला रेलतं तशी.

साडीतून भाजत होतं. पण मी मांडी सरकवली नाही. म्हटलं, आता हा उठला तर पुन्हा जाळीपुढे जाऊन बसेल.

अमरावतीला घर लावायला पुढे गेलेल्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सुगतला माझ्या हातातून घेतलं, मी त्यांच्यामागे आत धावले. डॉक्टर आले, पोर वाचलं. संध्याकाळी न्हाणीत पाहिलं तर डाव्या मांडीवर लाल चट्टा होता. घामोळं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

गाडीत मी कोणाशी बोलले, ते यांच्या मनात राहिलं असावं; पुढच्या आठवड्यात हे बाळापूरला किसनरावांना भेटून आले. यांनी विचारलं एवढंच, "तुमी हा कूलर मुद्दाम कोणासाठी बसवला होता?"

किसनराव म्हणाले, "गाडीत काई नाही झालं साहेब. लोक काईबी बोलतात."

गाडीत काही झालं का, असं यांनी विचारलंच नव्हतं. 

पावसाळ्याच्या आत गाडी विकली. धामणगाव रेल्वे या गावचा एक व्यापारी घेऊन गेला. गाडी गल्लीच्या वळणावर वळली तेव्हा मी ओट्यावर होते. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. कूलर उतरवलेला, डावी खिडकी बंद होती.

आणि तेव्हा मला आठवलं.

त्या दिवशी मी सुगतला घेऊन उतरले आणि मागे दार लावून घेतलं. पोरांना घेऊन प्रवास करणारी बाई शेवटी जे म्हणते, ते मी खिडकीकडच्या त्या पोराला म्हटलंच नाही.

"आलं गाव. चाल, उतर."

त्याला कदाचित कुणीच म्हटलं नसेल.

सुगत आता शाळेत जातो. मे आला, झळा सुरू झाल्या, की मला वाटतं, धामणगावला जावं, गाडी शोधावी, दार उघडून तेवढं म्हणून यावं. मागच्या वर्षी बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत गेलेही होते. तिकीट न काढता परत आले.

कारण उतर म्हटलं की पोर आधी काय करतं, ठाऊक आहे ना? दोन्ही हात पुढे करतं. उचलून घ्या म्हणून.

आणि त्यानं हात पुढे केले तर मी काय करीन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.