उताऱ्याची खुर्ची

बोरजाईच्या माजी सैनिक कुटुंब आधार केंद्रातली उपचारखोली म्हणजे जुन्या शाळेतला चौथीचा वर्ग. फळा काढून तिथं मेंदूतल्या विद्युतलहरी दाखवणारा पडदा लावला होता. खिडकीचे गज, भिंतीवर रंगवलेले पाढे आणि हेडमास्तरांची हातांची लाकडी खुर्ची तशीच होती. स्मृतिविलगनाचं तंत्र २०५१ साली पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून बाहेर पडलं आणि पहिल्या उपचारांसाठी साताऱ्याजवळचं हे गाव निवडलं गेलं, कारण इथं घरटी एक माणूस फौजेत जाऊन आलेला होता आणि त्यातल्या निम्म्यांना झोप नव्हती.

तंत्र शोधणाऱ्या डॉ. शाल्मली देवस्थळी समोरच्या दोघींना ते समजावून सांगत होत्या. एक होत्या केंद्राच्या समुपदेशक मालतीताई जगदाळे. त्यांचा नवरा सीमेवरून धडधाकट परतला आणि वर्षाच्या आत त्यानं विहिरीत उडी घेतली. तेव्हापासून गावातल्या एकाही फौजीला त्या एकटं बसू देत नसत. दुसरी रंजना काटकर. तिच्या नवऱ्यावर आज उपचार व्हायचे होते.

“आठवण नुसती पडून असते तेव्हा पक्की असते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण माणूस ती मनापासून आठवायला लागला की चाळीस मिनिटं ती मऊ पडते. त्याला आम्ही मृदुकाल म्हणतो. तेवढ्यात विलगक हे औषध टोचलं की प्रसंग जागच्या जागी राहतो, पण त्याला चिकटलेली भीती सुटते. चौकीवर काय झालं ते हणमंतरावांना सगळं आठवेल. फक्त घाम फुटणार नाही.”

“सुटती म्हंजे जाती कुठं?” रंजनानं विचारलं.

डॉक्टर हसल्या. “जाणार कुठं? विरून जाते.”

रंजनाला हे पटलं नाही. फौजी घरी आला की उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळायचा आणि तो लांब तिकाटण्यावर नेऊन टाकायचा, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून, ही बोरजाईची रीत होती. माणसाच्या अंगावरनं काढलेला उतारा कुठंतरी ठेवावाच लागतो, एवढं तिला ठाऊक होतं. पण इतक्या शिकलेल्या बाईपुढं दृष्टीच्या गोष्टी काय काढायच्या, म्हणून ती गप्प बसली. तिनं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं.

“त्यांना आत एकट्यांनाच बसवू,” डॉक्टर म्हणाल्या.

“एकट्यानं नाही,” मालतीताई म्हणाल्या. “रंजना समोर बसेल, हात धरून. केंद्राचा नियमच आहे तो.”

डॉक्टरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. प्रयोगशाळेतले उंदीर पिंजऱ्यात एकेकटेच असायचे, त्यामुळे समोर कुणी बसलं तर काय होतं हे तपासायची वेळच कधी आली नव्हती.

हवालदार हणमंत काटकर तीन वर्षं गोठ्यात भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या डुलक्या काढत होता. कुकरची शिट्टी झाली की पोरीला ओढून तो खाटेखाली शिरायचा. रंजनानं कुकर माळ्यावर टाकला होता. लडाखला असताना दर रजेला तो रुमालात जर्दाळू बांधून आणायचा आणि उंबऱ्यावरच तिच्या ओच्यात ओतायचा. बाराव्या वर्षीही ती लाजायची आणि त्यावरून तो तिची थट्टा करायचा. त्या माणसाची ती वाट बघत होती.

रंजनाचा हात घट्ट धरून त्यानं सांगायला सुरुवात केली. चौकीवर तोफगोळा पडला. शेजारचा गुरुनाथ शिंत्रे कमरेखाली उरला नव्हता, पण पाऊण तास बोलत होता. हणमंत थरथरत होता, आणि “हिकडं बगा, माज्याकडं बगा,” असं रंजना म्हणत होती. तो तिच्याकडं बघत राहिला. विलगक टोचला गेला. पडद्यावरच्या लहरी हळूहळू सपाट झाल्या.

“आणि गुरुनाथ?” डॉक्टरांनी विचारलं.

“मेला,” हणमंत म्हणाला. एसटी चुकली असं सांगावं तसा.

मालतीताईंना रडू फुटलं. रंजनाच्या मनात मात्र आलं की गुरुनाथसाठी ह्यानं एवढंसं तरी वाईट वाटून घ्यायला हवं होतं. मग तिनं स्वतःलाच दटावलं. तो बरा झाला होता, याहून जास्त काय पाहिजे?

ती पुढं घरी गेली आणि भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. हणमंतनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि तो मागं सरला. पाठ फाटकाला लागेपर्यंत मागं जात राहिला. शर्ट घामानं भिजला होता, डोळ्यांतून धार लागली होती. “गुरुनाथ... गुरुनाथ...” म्हणून तो हुंदके देत होता.

पुढच्या महिनाभरात सगळ्या गावानं पाहिलं की हणमंत काटकर ठणठणीत झाला आहे. लग्नात फटाके वाजले तरी तो जिलब्या खात बसला. कुकर माळ्यावरून खाली आला. फक्त बायको दिसली की तो थरथर कापायचा. तिचा आवाज ऐकला तरी दाराआड व्हायचा. रंजना परड्यातल्या खोलीत राहायला गेली आणि जेवणाचं ताट मुलीच्या हाती पाठवू लागली. ती रोज रडायची, आणि रडण्याचा आवाज त्याच्या कानी जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबायची.

मग एके दिवशी त्यानं मुलीच्या हातचं ताट घेतलं नाही. तनुजाला बारावं सरलं होतं आणि तिचे नाक-डोळे आईच्या वळणावर जायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी रंजना केंद्रात आली. नेहमी डॉक्टरांसमोर अवघडून बसणारी ही बाई त्या दिवशी बसलीसुद्धा नाही.

“इचारलं हुतं म्या तुमास्नी, जाती कुठं म्हनून.”

“चुकलं माझं,” डॉक्टर म्हणाल्या. “सुटलेली भावना विरत नाही. मृदुकालात समोर जे असेल त्यावर जाऊन बसते. ताज्या सारवलेल्या जमिनीवर पाऊल उमटावं आणि थोड्या वेळानं वाळून पक्कं व्हावं तशी. आता चेहऱ्यातल्या सारखेपणावरून ती तनुजाकडे सरकते आहे.”

“पुन्हा काढा आणि माझ्यावर टाका,” मालतीताई म्हणाल्या. “मी बसवलं तिला तिथं.”

“तुमच्यावर टाकली तर ते या केंद्राची पायरी चढणार नाहीत. माणूस नकोच समोर. रिकामी खुर्ची ठेवू.” डॉक्टर रंजनाकडं वळल्या. पुढचं त्यांना बोलवत नव्हतं. “पण या वेळी त्यांना आठवावी लागणार ती तुमची आठवण, रंजनाताई. आणि विलगक निवडानिवड करत नाही. चौकीच्या आठवणीतून भीतीबरोबर गुरुनाथचं दुःखही गेलं, ते तुम्ही पाहिलंत.”

“म्हंजे माजं बी समदं जानार.”

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

हणमंतला उपचारखोलीत बोलावून विचारलं तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून बसला होता आणि रंजना दाराबाहेर उभी होती.

“समदं जानार असंल तर ऱ्हाऊंद्या,” तो म्हणाला. “मी गोठ्यात पडतो. भ्या वाटलं तरी तिचंच वाटतंय न्हवं.”

“आन तनू?” बाहेरून रंजना बोलली. तिच्या आवाजासरशी त्याचे खांदे आखडले. “तिनं काय केलंय? तिच्या हातचं बी खाईनासे झालाय तुमी.”

 हणमंत उठला आणि पडद्यासमोर जाऊन बसला. हेडमास्तरांची खुर्ची त्याच्या पुढ्यात ठेवण्यात आली. वेळ झाली की विलगक आपोआप टोचणारी सुई त्याच्या दंडाला बांधून डॉक्टर बाहेर आल्या. मालतीताईंनी आपला नियम मोडला आणि दार बाहेरून ओढून घेतलं. आत तो रंजनाबद्दल बोलत राहिला. लग्नातली तिची हळद, पहिलं भांडण, जर्दाळू आणि तिचं लाजणं. दाराला कान लावून तिनं ते सगळं ऐकलं. एवढं त्यानं तिच्याजवळ कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा तिच्याकडं बघून कापला नाही. “चल, जेवायची येळ झाली,” म्हणाला.

हणमंत आता घरात झोपतो. मुलीचा अभ्यास घेतो. रंजना वाढते, तो जेवतो, भाजी चांगली झाली तर तसं सांगतो. ती पडली, पायाला टाके पडले, तेव्हा तो दवाखान्यात घेऊन गेला आणि डॉक्टरीण येईपर्यंत पेपर वाचत बसला. बायको आहे हे त्याला माहीत आहे. लग्नाची तारीखही बिनचूक सांगतो. डॉक्टरांच्या अहवालात उपचार यशस्वी अशी नोंद झाली, आणि ती खोटी नव्हती.

फक्त रोज दुपारी तो तासभर कुठंतरी जातो, हे रंजनाच्या लक्षात आलं. एके दिवशी ती मागोमाग गेली.

हणमंत केंद्राच्या मागच्या बाजूला, उपचारखोलीच्या खिडकीशी उभा होता. दोन्ही हातांनी गज धरले होते. अंग थरथरत होतं, शर्ट भिजला होता, आणि तो रडत होता. आत कुणीच नव्हतं. नुसती ती खुर्ची होती. खिडकीच्या कट्ट्यावर रुमालाची पुरचुंडी सोडून ठेवलेली होती. त्यात जर्दाळू होते.

“रोज येतात,” मागून मालतीताई हळूच म्हणाल्या. “आत पाऊल टाकवत नाही, भीती वाटते. आणि आल्याशिवाय राहवतही नाही. तुला कसं सांगू, कळेना मला.”

रंजना उभी राहून बघत होती. असा चेहरा तिनं फार वर्षांपूर्वी पाहिला होता, रजा संपवून निघालेल्या माणसाचा. तिला राग आला. एका लाकडाच्या खुर्चीचा राग यावा याची लाजही वाटली. मग तिनं मालतीताईंकडून किल्ली मागून घेतली, पुढच्या दारानं आत गेली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, पदर नीट केला आणि खिडकीकडं पाहिलं.

हणमंतचं रडणं थांबलं. चेहरा कोरा झाला. त्यानं मान आधी डावीकडं वाकवली, मग उजवीकडं. तिच्या अंगाआडून काही दिसतं का, ते तो बघत होता.

“रंजना,” तो साध्या आवाजात म्हणाला, “जरा बाजूला सरकतीस का? दिसंना मला.”

रंजना उठली. बसल्यानं खुर्ची जराशी तिरकी झाली होती. तिनं ती सरळ करून खिडकीसमोर ठेवली, पदरानं पुसली आणि ती भिंतीला लागून उभी राहिली.