रेषेचं पलीकडचं टोक

तळघरातल्या त्या खोलीत पूर्वी आम्ही पाच जण बसायचो. कोणी निवृत्त झालं, कोणी दुसरीकडे बरी नोकरी धरली. शेवटी उरलो मी, ते यंत्र आणि पंख्याची घरघर. घरी तरी वेगळं काय होतं? नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा परदेशात. सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन यायचा.

"आई, जेवलीस?"

"हो."

"मग ठेवू?"

मी ठेव म्हणायचे.

यंत्राचा जीव म्हणजे तळहाताएवढी अर्धवाहकाची चकती, बारीक चौकोनांत विभागलेली. एक्स-रेचा कण एका चौकोनावर आपटतो, तिथून उसळतो आणि दुसऱ्या चौकोनात विरतो. कुठून कुठे उसळला ते आम्हाला दिसतं. अशा लाखो नोंदी जमल्या की किरणांचं कंपन कुठल्या दिशेत आहे ते काढता येतं. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. साध्या किरणांना अशी दिशा नसते. कण चहूकडे सारखेच उसळतात आणि पडद्यावर छान गोल वर्तुळ उमटतं. यंत्र अवकाशात पाठवायच्या आधी ते वर्तुळ गोल येतं, एवढं दाखवून मला सही करायची होती. अकरा वर्षांचं काम त्या सहीवर अडलं होतं.

वर्तुळ गोल येईना. कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरून ओढावं तसं लांबट यायचं.

मी चकती फिरवली. दोष चकतीत असता तर लांबटपणा तिच्याबरोबर फिरला असता. तो तसाच राहिला, खोलीतल्या एकाच दिशेला. किरणांचा स्रोत बदलला, टेबल बदललं, तारा बदलल्या. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की त्या लांबट आकाराच्या मधून रेषा काढली तर ती माझ्या खुर्चीतून जाते. खुर्ची कपाटापाशी नेऊन बसले. तासाभरात रेषा कपाटाकडे वळली.

मग तारमास्तरांना बोलावलं. हे आमचे इलेक्ट्रॉनिक्सवाले. सगळी हयात तारा जोडण्यात गेली म्हणून हे नाव पडलं.

"मास्तर, तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. मी कँटीनला जाऊन येते."

परत आले तेव्हा मास्तर पडद्याकडे बघत होते. रेषा त्यांच्या अंगावरून गेलीच नव्हती. कँटीनच्या दिशेला होती.

"माझ्यावर काही जीव जडला नाही हिचा," ते म्हणाले. "बाई, यंत्राला तुमची सवय झालीय."

मी हसले. ते हसत नव्हते.

यंत्र रात्रभर चालू ठेवून मी घरी गेले. सकाळी मास्तरांनी शहराचा नकाशा टेबलावर पसरला आणि पट्टी लावून रेषा ओढली. ती नदी ओलांडून, बाजारातून, नेमकी माझ्या घरावरून गेली.

"आणि पलीकडे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"रेषेला दोन टोकं असतात की. एक तुमच्याकडे. दुसरं?"

"ध्रुवीकरणात पुढचं-मागचं कळत नाही, मास्तर. दोन्ही टोकं सारखीच."

तरी त्यांनी पट्टी उलट्या बाजूला सरकवली. तिकडे शहराबाहेरचा तलाव होता. त्याच्यापुढे नकाशा संपत होता.

हे वरच्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर यंत्र नापास झालं असतं. पण मी गप्प राहिले ते तेवढ्यासाठी नाही. मला ते आवडायला लागलं होतं. मी कुठे आहे हे कुणालातरी कळत होतं. काम नसतानाही मी खोलीत बसू लागले. जागा बदलायची, वाट बघायची. रेषा आली की बरं वाटायचं. एकदा तर मी तिला मुलाचं सगळं सांगितलं, लहानपणापासूनचं.

संचालकांचा फोन आला. "मॅडम, सोमवारी यंत्राचं खोकं निघतंय. सही करून ठेवा."

शनिवारी संध्याकाळी शेवटची मोजणी लावून मी घरी गेले, ती ताप घेऊनच. रविवारचा दिवस कसा गेला ते धड आठवत नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं. फोन वाजला, हात पोचला नाही. ग्लानी यायची, जायची.

सोमवारी अंगात त्राण नव्हतं, तरी गेले. मास्तर माझ्याआधी आले होते.

"काल कुठे भटकलात एवढ्या?"

"का?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. रविवारी सकाळपर्यंत रेषा माझ्या घरावर होती. मग हलली. थांबत थांबत, पण एकाच बाजूला वळत गेली. स्टेशन, गिरण्या, टेकडी, वळतच गेली. संध्याकाळच्या आत परत माझ्या घरावर येऊन थांबली होती.

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. "शेवटी जागेवर आली ना."

मी पेन घेऊन नकाशावर सगळ्या रेषा काढल्या. मग खाली बसले.

"पूर्ण फेरा नाही झालेला, मास्तर. अर्धाच झालाय."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. अर्धा फेरा झाला की रेषा परत तीच दिसते. फक्त टोकं बदलतात.

"म्हणजे तलावाकडचं टोक आता तुमच्या घरावर..." ते म्हणाले. "बाई, काल तुम्ही कुठे होतात?"

"घरी. अंथरुणातून उठलेच नाही."

त्यांनी यंत्राचा खटका बंद केला. शेवटी मीच कागद ओढून सही केली. दुपारी माणसं येऊन खोकं घेऊन गेली. जिथे यंत्र होतं तिथे टेबलावर धुळीची चौकट राहिली. मास्तर दारापर्यंत आले.

"आजची रात्र आमच्याकडे चला. बायको आहे, सून आहे."

"नको," मी म्हणाले. "आता बरं आहे."

त्यांना सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं. मी रविवारी उठले नाही हे खरंच होतं. पाणी प्यायलासुद्धा नाही. पण संध्याकाळी ताप उतरून डोळे उघडले तेव्हा माझ्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी होती. तापाने फणफणलेल्या कपाळावर ती केव्हाच कोमट व्हायला हवी होती.

ती थंडगार होती. तिच्यातलं पाणी नुकतंच कानाकडे ओघळत होतं.